चार वर्षांचं आगाऊ भाडं

मिरज,
रविवार

चि. बाळास,

काल रात्री वहिनीचा फोन आला. दादाची शुगर, तुझ्या ताईच्या लेकाची शाळा, सगळं बोलून झालं आणि ठेवता ठेवता म्हणाली, "तुमच्या भाच्याने आरडी मोडलीय. वेबसाइटला चार वर्षांची जागा घेतोय म्हणे." तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हा मेल. हे खरं असेल आणि अजून पैसे भरले नसतील, तर शेवटपर्यंत वाचल्याशिवाय भरू नकोस. भरले असशील तर आधी तारीख बघ. बऱ्याच होस्टिंग कंपन्या तीस दिवसांच्या आत मागितले तर पैसे परत देतात. डोमेनचे कापून घेतात, बाकीचे येतात.

अरे, मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांवरचे तुझे लेख तीन. तीन लेखांना अठ्ठेचाळीस महिन्यांची जागा! वहिनीने सांगितलेला आकडा मी कागदावर मांडून पाहिला. महिना चारशे म्हणजे अठ्ठेचाळीस महिन्यांचे १९,२०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,४५६. झाले २२,६५६. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो फक्त चारशेचा आकडा. तोही चार वर्षं एकरकमी भरली तरच. मुदत संपली की नूतनीकरणाला तोच दर दुप्पट-तिप्पट होऊन समोर येतो. 'डोमेन मोफत' असतं ते पहिल्या वर्षापुरतं. 'अमर्याद जागा' म्हणतात, आणि आत अटींमध्ये किती फायली ठेवायच्या त्याची मर्यादा लिहिलेली असते. पॉलिटेक्निकात मी वर्षानुवर्षं हे पोरांना फळ्यावर लिहून दाखवलं. घरातल्या पोराने मला एका शब्दाने विचारू नये, याचं वाईट वाटतं रे.

पण काळजी पैशांची नाही, हे नीट समजून घे. बावीस हजार तू वर्षभरात पुन्हा साठवशील. मला भीती आहे तुझं लिहिणं थांबेल याची. ती भीती कुठून आली हे आपल्या घरात कुणी बोलत नाही, म्हणून आज मीच बोलते.

पलंगाखालचे ते पिवळ्या कागदाचे गठ्ठे तुला आठवत असतील. ताईने त्यावर पाढे गिरवले, तू विमानं केलीस. तो कागद दादाच्या अनियतकालिकाचा. १९८९ साली, लग्नाच्या आधी, त्याने ते काढलं होतं. छापखानेवाला म्हणाला, सहा अंकांचा कागद एकदम उचला, रिमामागे सवलत देतो. हिशेब चुकीचा नव्हताच, कागद खरोखर स्वस्त पडला. दादाने पतपेढीचं कर्ज काढून उचलला. पहिला अंक निघाला, दुसरा निघाला. त्यानंतर दादा लिहायला बसला की त्याला विषय दिसेना, गठ्ठे दिसायला लागले. अजून चार अंकांचं देणं आहे, असं वाटायचं त्याला. जे तो हौसेने करत होता, त्याचा हप्ता झाला. तिसऱ्या अंकाचं संपादकीय निम्मं लिहून टेबलावर पडलेलं मी पाहिलं होतं. ते तिथेच राहिलं. कर्ज दीड वर्षात फिटलं, पण दादाने पुन्हा एक ओळ लिहिली नाही. तू लहानपणी म्हणायचास ना, "बाबांना वाचनाबिचनाची आवड नाही"? तेव्हा मला उठून आत जावं लागायचं.

मी तेव्हा कॉलेजात होते. अंकांवर पत्ते मी लिहायचे, तिकिटं मी चिकटवायचे. पहिल्या अंकात त्याने आजोबांच्या मळ्यातल्या मोटेवर एक लेख लिहिला होता. बैल मागे सरकताना नाडा कसा सैल पडतो आणि आजोबांचा आवाज त्या क्षणी कसा खाली येतो, एवढंच. इतकं चांगलं मी त्या वयात काही वाचलं नव्हतं. त्याला हे सांगावं असं रोज मनात यायचं. पण थोरल्या भावाला तोंडावर असं कोण सांगतं? राहून गेलं. तो गप्प झाला तेव्हा मीही गप्पच राहिले. इतकी वर्षं झाली, ते अजून गळ्याशी अडकतं.

म्हणून म्हणते, अंगावर चार वर्षांचं आगाऊ भाडं घेऊन लिहायला बसू नकोस. एक महिना लिहिलं नाहीस की तुला वाटेल चारशे वाया गेले. दोन महिन्यांनी ते पान उघडायचीच लाज वाटेल. आपल्या घराण्याचा हा स्वभाव आहे, तो तुझ्यातही उतरलाय. दहावीला क्लासची फी भरल्यावर तू किती जळला होतास ते मी पाहिलंय.

आता काय करायचं ते सांगते. नाव वेगळं आणि जागा वेगळी. नाव, म्हणजे डोमेन, आजच घे. डॉट इन घे किंवा डॉट कॉम, वर्षाला हजार-दीड हजारांत काम होतं. पहिल्या वर्षीचा दर बघून भुलू नकोस, दुसऱ्या वर्षीचा विचार. ते तुझ्या स्वतःच्या नावावर आणि तुझ्या घरच्या मेलवर असू दे. ऑफिसच्या मेलवर घेतलंस तर नोकरी बदलली की खातं हातचं गेलं. साइट बनवून देणाऱ्या त्या तुझ्या मित्राच्या खात्यावर तर मुळीच नको. मुलगा चांगला आहे, पण उद्या तो परदेशी गेला तर तू कुणाला विचारणार?

जागा मात्र सध्या फुकटचीच घे. ब्लॉगर १९९९ पासून आहे, २००३ मध्ये ते गूगलने घेतलं. स्वतःचं डोमेन जोडायला ते पैसे मागत नाहीत. वर्डप्रेस डॉट कॉमवर त्यासाठी पैशांची योजना घ्यावी लागते. नाव तुझं असलं की पुढे जागा बदललीस तरी वाचकाच्या हातातला पत्ता बदलत नाही. एक बारीक गोष्ट मात्र आत्ताच सांभाळ. शीर्षक देवनागरीत दिलं की ब्लॉगर दुव्यामध्ये नुसतं 'ब्लॉग पोस्ट' आणि पुढे आकडा टाकतं. वर्डप्रेस देवनागरी ठेवतं, पण तो दुवा व्हॉट्सॲपवर चिकटवला की टक्क्याच्या चिन्हांची वीतभर माळ होते, आणि आपल्या नात्यातली माणसं ती बघून व्हायरस समजतात. म्हणून प्रसिद्ध करण्याआधी दुवा स्वतः रोमन अक्षरांत लिहीत जा. पुढे विकतच्या जागेवर वर्डप्रेस बसवलंस तर तिथे दुव्याची तीच रचना, वर्ष, महिना, नाव, ठेवता येते आणि जुने दुवे तुटत नाहीत.

तू म्हणशील, आत्ताच अडलंय. घोडी घासून जवारी लावण्याआधीचा आणि नंतरचा तानपुरा ऐकवायचाय आणि ब्लॉगरवर ध्वनिफीत चढवता येत नाही. खरं आहे. ती इंटरनेट अर्काइव्हवर फुकट चढव आणि तिथून लेखात बसव. एवढ्यासाठी आरडी मोडायला नको.

पैसे भरायची वेळ येईल, मी नाही म्हणत नाही. भोपळा, लाकूड, तारा, एकेक कारागीर, असं सगळं हवं तसं मांडायला ब्लॉगरचा साचा खरोखर अपुरा पडू लागला की भर. पण त्याआधी पहिली हौस ओसरल्यानंतरचे कोरडे महिने जाऊ देत. ऑफिसातून दमून आल्यावर, कुणी वाचलं की नाही ते ठाऊक नसताना, तू लिहीत राहिलास आणि तेव्हा जागा अपुरी पडली, तर तो खर्च योग्य. तेव्हाही एकाच वर्षाचे भर. महाग पडतील, पडू देत. ती जास्तीची रक्कम मोकळं राहण्याची आहे. दादाला कुणी तेव्हा एकाच अंकाचा कागद महागात घेऊ दिला असता तर!

फुकटची जागा कायमची नसते, हेही सांगायला हवं. जिओसिटीजवर जगभरच्या लोकांनी पानं केली होती. १९९९ मध्ये याहूने ते विकत घेतलं आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केलं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला गेलं. म्हणून महिन्यातून एकदा ब्लॉगरच्या सेटिंगमधून बॅकअपची फाइल उतरवून घे. त्या फाइलीत मजकूर असतो, फोटोंचा भरवसा धरू नकोस. मूळ फोटो वेगळ्या डिस्कवर ठेव. पण विकतची जागा तरी कुठे कायमची? पैसे द्यायचे थांबलास की तीही गेली.

आणि 'ऑटो-रिन्यू' वर विसंबू नकोस. रिझर्व्ह बँकेचा नियम ऑक्टोबर २०२१ पासून कडक झालाय. कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांना आधी तुझी संमती नोंदलेली लागते, आणि १५,००० रुपयांवरच्या रकमेला तर दर वेळी ओटीपी. परदेशी कंपनी असली की हे व्यवहार पुष्कळदा अडतात, आणि त्यांचा मेल प्रमोशनच्या ढिगात पडून राहतो. डॉट कॉमची मुदत टळली की आधी थोडे दिवस जास्तीचे मिळतात, मग तीस दिवस दंड भरून सोडवता येतं, त्यानंतर ते नाव कुणीही उचलतं. तुझ्या नावाच्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात आलेली मला बघायची नाही. तारीख कालनिर्णयावर लिहून ठेव. वहिनीच्या दुधाच्या हिशेबाशेजारी जागा असते.

फार बोलले का रे? रागावू नकोस. घाई का झाली असेल ते मला कळतं. आपलं काम नीटनेटक्या जागी दिसावं, ऑफिसातल्या पोरांनी फुकटचा पत्ता बघून हसू नये, असं वाटत असणार. त्यात गैर काही नाही.

तुझे तिन्ही लेख मी वाचले. सतारमेकर गल्लीचा पहिला बरा आहे, पण त्यात माहितीच जास्त. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, अब्दुल करीम खाँसाहेब इथे राहत होते, हे पेपरात सगळ्यांनी वाचलेलं असतं. जवारीचा लेख मात्र तुझा. त्यातले चाचा घोडीवर कानस एकदाच फिरवतात, फुंकर मारतात, तार छेडतात, मान हलवतात आणि पुन्हा कानस घेतात. मग तारेखालचा दोरा नखाने केसभर पुढे सरकवतात आणि बसलेला आवाज एकदम मोकळा होतो. तू तिथे एकही विशेषण वापरलं नाहीस. मी वाचलं, थोडा वेळ तशीच बसले आणि पुन्हा वाचलं. हे फार चांगलं लिहिलंयस, बाळा. फार चांगलं. मी हे मनात ठेवणार नाहीये.

आणि एक. वहिनीने सांगू नको म्हटलंय, तरी सांगते. दादाने तिला मोबाइलवर अक्षरं मोठी करायला लावली आणि तो लेख वाचला. वाचून झाल्यावर फोन परत दिला नाही, वर सरकवून पहिल्यापासून पुन्हा वाचला. मग विचारलं, "पुढचा कधी यायचा?" आपल्या घरात हा प्रश्न त्याने इतक्या वर्षांत कुणाला विचारला नव्हता. वहिनी सांगताना रडत होती. आरडीचं तिने त्यानंतर काढलं.

पहिल्या वर्षाच्या नावाचे पैसे मी देते. नाही म्हणू नकोस, तुझ्या पहिल्या पगाराची साडी मी अजून नेसते आहे. आरडी खरंच मोडली असशील तर हरकत नाही, उरलेल्या पैशांतून एक बरा रेकॉर्डर घे. मोबाइलवर तानपुऱ्याचा खर्ज नीट येत नाही. आणि जेवणं वेळेवर कर. वहिनी म्हणत होती, गेल्या वेळी आलास तेव्हा खूप उतरला होतास.

पुढचा लेख भोपळ्यांवर कर. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा माल आला की गल्लीत कळतंच. भोपळा पाण्यात भिजवतात, तोंड कापून बिया काढतात आणि आत काटक्यांचा आधार देऊन वाळत ठेवतात. ते बघायला चांगले दोन दिवस हवेत. माल आला की मी कळवते, शनिवार-रविवार बघून ये, माझ्याकडेच उतर. येताना दादालाही घेऊन ये. तो नको म्हणेल. तरी घेऊन ये.

तुझी,
आत्या