भाड्याच्या गाडीचा घोडा

निर्गमाच्या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात एक लहानशी आज्ञा आहे. ती वाचताना आपण बहुधा भराभर पुढे जातो. आपला द्वेष करणाऱ्याचे गाढव ओझ्याखाली बसलेले दिसले, तर त्याला तसेच टाकून जाऊ नये, असा तिचा आशय होय. परंतु आज्ञा एवढ्यावर थांबत नाही. गाढवाला सोडवावयाचे ते त्याच्या धन्याबरोबर, त्याच्या हाताला आपला हात लावून. धन्याला दूर लोटून गाढवाची कीव करणे सोपे असते. तसे करण्यास येथे सांगितलेले नाही. आजच्या पाठासाठी आम्ही मुंबईतील भाड्याच्या गाड्यांच्या घोड्यांचा विषय घेतला आहे. वाचकांनी 'धन्याबरोबर' ही गोष्ट मनात धरून तो वाचावा, अशी आमची विनंती आहे.

अहेरी, एटापल्ली, सिरोंचा या बाजूच्या मंडळ्यांतील पुष्कळांनी घोड्याची गाडी कधी पाहिलीही नसेल. आपल्या जंगलपट्टीत ओढकामाला बैल आणि हल्या. घोडा दिसला तर वरातीत. ज्यांना दुखणाईतास घेऊन मुंबईस जावे लागले, त्यांनी मात्र काही वर्षांपूर्वीपर्यंत गेटवे ऑफ इंडियापाशी किंवा मरीन ड्राइव्हवर रुपेरी नक्षीने व दिव्यांनी मढविलेल्या गाड्या पाहिल्या असतील. व्हिक्टोरिया राणीच्या नावाची ती चारचाकी गाडी. मागे दुमडणारे टप, पुढे उंच बैठकीवर गाडीवान. एकोणिसाव्या शतकात ती मुंबईकरांचे नेहमीचे वाहन होती. स्टेशनावर उतरलेला मनुष्य तिच्यात बसून घरी जाई. पुढे ट्राम आली, मोटार आली, टॅक्सी आली. व्हिक्टोरियाचे काम गेले आणि हौस तेवढी राहिली. पाहुण्यांना समुद्रकाठी एक चक्कर मारून आणावी, एवढ्यासाठी घोडा जुंपला जाऊ लागला.

या चकरेत घोड्याचे काय होते, हे समजण्यास त्याच्या शरीराची रचना थोडी ठाऊक असली पाहिजे. घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर चालतो. आपण ज्याला खूर म्हणतो ते त्या बोटाचे नखच होय, आणि तीन-चारशे किलोंचा देह अशा चार नखांवर तोललेला असतो. खुराच्या तळाशी मऊ, लवचीक गादीसारखा भाग असतो. पाऊल टेकताना तो दाबला जातो व रक्त वर चढण्यास साहाय्य होते. मातीवर हे काम सुरळीत चालते. डांबराच्या किंवा सिमेंटच्या रस्त्यावर तासन् तास दुडक्या चालीने पळताना मात्र प्रत्येक पावलाचा हादरा सांध्यांत जातो, आणि गुळगुळीत डांबरावर लोखंडी नाल घसरतो. खूर सतत वाढत असल्यामुळे सुमारे सहा आठवड्यांनी नालबंदाकडून नाल काढून खूर तासावा लागतो. ज्या दिवशी भाडे मिळाले नाही त्या दिवशी नालबंदाचे पैसे कोठून द्यावे?

पोटाची गोष्ट याहून नाजूक आहे. बैल भराभर खाऊन घेतो व सावकाश बसून रवंथ करतो; घोड्याला रवंथ नाही. त्याचे जठर देहाच्या मानाने लहान असल्यामुळे त्याला दिवसभर थोडेथोडे चरणे मानवते. रिकाम्या पोटी कित्येक तास उभे ठेवून मग एकदम तोबराभर चंदी चारली, तर पोटशूळ उठतो. शिवाय घोड्याला ओकारी होत नाही. पोटात बिघडलेले बाहेर पडण्यास वाट नाही, म्हणून पोटशूळाने घोडा पाहता पाहता मरतो. त्याला दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी लागते, उन्हात काम असले तर त्याहून अधिक. समुद्रकाठी पाणी डोळ्यांपुढे पसरलेले असते, पण घोड्याला पिण्यासारखे पाणी कोणीतरी बादलीने आणावे लागते.

आणि घोडा वेदना लपवितो. ज्यांची शिकार होते अशा प्राण्यांपैकी तो एक. रानात जो लंगडतो तो आधी मारला जातो. यास्तव पाय दुखत असताही तो मान खाली घालून मुकाट उभा राहतो, आणि गाडीत बसलेले लेकुरवाळे कुटुंब म्हणते, किती शांत जनावर! बलामाच्या गाढवीची कथा आपण मुलांना शिकवितो. तिला तीन वेळा मार बसला, आणि मारणाऱ्याला जे दिसत नव्हते ते तिला दिसत होते. त्या गाढवीला वाचा मिळाली; इतर जनावरांना ती मिळत नाही, म्हणून आपले डोळे तरबेज असावे लागतात. घोडा मागचा एक पाय सैल सोडून उभा असेल तर तो केवळ विसावा घेत असतो. पुढचा पाय पुढे टाकून त्यावरचा भार काढून घेत असेल, तर तो पाय दुखतो आहे असे समजावे.

घोड्याच्या कैवाराचे काम नवे नाही, आणि त्याच्या आरंभी एक पाळक होता हे आमच्या उपदेशक बंधूंस ठाऊक असावे. १८२४ साली लंडनमध्ये प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठी संस्था निघाली, ती रेव्हरंड आर्थर ब्रूम यांच्या खटपटीने. संस्थेचे कर्ज फिटेना, तेव्हा त्यांना कर्जापायी तुरुंगात जावे लागले. मुंबईत १८७४ साली तशीच संस्था स्थापन झाली. घोड्यांनी ओढावयाची ट्राम मुंबईत सुरू झाली तीही त्याच साली. १८८३ मध्ये परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ निघाले.

आता व्हिक्टोरियाचे काय झाले ते सांगतो. प्राण्यांच्या हितासाठी झटणाऱ्या एका संस्थेने २०११ साली मुंबई उच्च न्यायालयात अर्ज केला. ८ जून २०१५ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, केवळ मौजेच्या फेरीसाठी अशा गाड्या चालविणे बेकायदेशीर आहे. एक वर्षात त्या बंद व्हाव्यात, आणि सरकारने गाडीवाल्यांच्या पुनर्वसनाची योजना करावी. त्या वेळी शहरात अशा गाड्या अदमासे १३० होत्या, आणि त्यांवर पोट असलेली कुटुंबे सुमारे ७०० असल्याचे सांगण्यात येत होते. परदेशांतही हाच विचार पुढे आला आहे. कॅनडातील मॉन्ट्रियल शहराने २०१९ च्या अखेरीस आणि अमेरिकेतील शिकागोने २०२१ च्या आरंभी भाड्याच्या घोडागाड्या बंद केल्या.

हा निर्णय योग्य होता असे आमचे मत आहे. गरजेसाठी जनावराला राबविणे आणि गंमतीसाठी राबविणे यांत फरक आहे, आणि तो फरक न्यायालयाने केला. तथापि गाडीवानाकडे पाहिल्यावाचून आम्हांस पुढे जाता येत नाही. त्याला दुसरा धंदा येत नव्हता. टॅक्सीवाल्याला भाडे मिळाले नाही तर टॅक्सी उभी राहते व तेल खात नाही. घोड्याला मात्र चंदी रोज लागते. ज्या रात्री चार फेऱ्या झाल्या त्या रात्री पाचवी घ्यावी, मग घोडा थकलेला का असेना, हा मोह कोणाला होतो? ज्याच्या घरी उद्याच्या भाकरीची खात्री नाही त्याला. चाबूक त्याच्या हातात असे, पण गरिबीचा चाबूक त्याच्याही पाठीवर होता. गाड्या बंद करण्यास एक वर्ष ठरले होते. पुनर्वसनाचा प्रश्न त्याहून पुष्कळ अधिक काळ घोळत राहिला. मार्च २०२१ मध्ये त्याच धाटणीच्या विजेवर चालणाऱ्या गाड्या मुंबईत सुरू करण्यात आल्या. घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो. ज्याची गाडी गेली त्याने त्याला उरलेली वर्षे कशाच्या बळावर पोसावे, हेही कोणाला तरी ठरवावे लागते.

रायगड जिल्ह्यात माथेरान नावाचे डोंगरावरचे हवा खाण्याचे ठिकाण आहे. तेथे मोटारींना बंदी असल्यामुळे पाहुणे घोड्यावर बसून जातात, सामानही घोड्यांवरून येते, आणि कित्येक वर्षे माणसेच माणसांना हातरिक्षात बसवून ओढीत आली. विजेच्या रिक्षा डिसेंबर २०२२ मध्ये प्रयोगादाखल सुरू झाल्या, तेव्हा आपले पोट जाईल या भयाने घोडेवाल्यांनी विरोध केला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा व ओढणाऱ्यांना विजेच्या रिक्षा मिळतील अशी तजवीज करण्याचा आदेश दिला. ओझे काढून घेताना ओढणाऱ्याच्या हाती दुसरे काम द्यावे, हे येथे प्रथमपासून पाहिले गेले.

आता आपल्या दारातल्या बैलाकडे येऊ. ओढकामाच्या व ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ साली केलेले नियम आहेत. ते घोड्याला जसे लागू तसे बैलालाही. दिवसात नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये; एकसारखे पाच तासांहून अधिक जुंपून ठेवू नये; आणि जेथे उष्णता ३७ अंशांच्या वर जाते तेथे दुपारी बारा ते तीन जनावर जुंपू नये. घोड्याच्या गाडीत गाडीवान व सहा वर्षांखालील मुले सोडून चारच माणसे बसावीत. पराणीच्या टोकाला खिळा असणेही मना आहे. हा ३७ अंशांचा नियम जणू आपल्याच जिल्ह्यांसाठी केला आहे! चंद्रपुरास मे महिन्यात पारा ४५ च्या वर चढतो, आणि ३७ ची रेघ तर फाल्गुन-चैत्रातच ओलांडली जाते. यात्रेचे, मोहाफुलांचे व पुढे तेंदूपानांचे दिवस ते हेच, आणि भर दुपारी गाड्या रस्त्यावर असतात. पोळ्याच्या दिवशी आपले शेजारी बैलाचे खांदे तूप-हळदीने मळतात. ही रीत चांगली. परंतु जूं वर्षातून एकदाच येत नाही.

अहेरी तालुक्यात कमलापूर येथे सरकारी हत्ती आहेत. पूर्वी हत्ती जंगलातील लाकडे ओढीत. आता लोक त्यांना पाहावयास जातात. दरवर्षी थंडीत त्यांना काही दिवस रजा असते. पाहुणे बंद, आणि वनौषधींच्या काढ्याने त्यांचे पाय शेकले जातात. तिकडे त्यास चोपिंग म्हणतात. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात विसाव्याच्या दिवसात बैल आणि गाढव यांचीही नावे घातली आहेत. आपल्या मंडळीतील किती जण रविवारी बैलगाडी भाड्याने देतात, हे आम्ही येथे विचारीत नाही. पाठ शिकविणाऱ्याने ते विचारावे.

बैलाची खांदेसूज दिसली, तर धन्यास चारचौघांत बोलू नये. सूज उतरेपर्यंत बैल जुंपू नये हे त्याला घरी जाऊन सांगावे, आणि त्याची नांगरणी अडली असेल तर आपला बैल दोन दिवस द्यावा. जूं खडबडीत असेल तर दोघांनी मिळून तासावे. जखम चिघळली असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. जेथे फोन लागतो तेथे १९६२ या क्रमांकावर फिरत्या दवाखान्यास कळविता येते.

वरातीचा घोडा ठरविताना त्याचे पाय व पाठ आधी पाहावी. खोगिराखाली जखम असेल तर तो घोडा घेऊ नये, आणि का घेतला नाही ते मालकास सौम्यपणे सांगावे. वाजंत्री व फटाके त्याच्या कानांपासून दूर असावेत. वेळ संध्याकाळची, वाट लहान. दारी पोहोचल्यावर घोड्यास सावकाश पाणी पाजावे, खोगीर उतरवावे, आणि ज्याने त्याला दहा कोस चालवीत आणले त्या मोतद्दारास पहिल्या पंगतीत बसवावे.