घटक ५ : तडजोडीचा प्रस्ताव आणि सामूहिक निर्णयाची भाषा
(एस.टी. कर्मचाऱ्यांच्या २०२१-२२ च्या संपाच्या आधारे)

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील :
१. तडजोडीच्या प्रस्तावातील कळीच्या शब्दांचे नेमके अर्थ सांगणे.
२. प्रस्ताव स्वीकारण्याच्या आणि नाकारण्याच्या बाजूने होणाऱ्या युक्तिवादांचे वर्गीकरण करणे.
३. मतदानाने झालेला निर्णय आणि कृतीतून प्रकट झालेला निर्णय यांतील फरक स्पष्ट करणे.
४. वादग्रस्त प्रश्नावर दोन्ही बाजूंना न्याय देणारे टिपण लिहिणे.

५.१ प्रास्ताविक

व्यावहारिक मराठीचा विचार करताना आपण बहुधा अर्ज, इतिवृत्त, अहवाल, निवेदन अशा लिखित प्रकारांकडे पाहतो. परंतु माणसांच्या उपजीविकेचे अनेक निर्णय बोलण्यातून होतात. आगाराच्या फाटकाशी, मंडपात किंवा चहाच्या टपरीवर चाललेल्या चर्चेला कोणी इतिवृत्त ठेवत नाही. तरीही तेथे प्रतिपादन असते, खंडन असते, पुरावा असतो आणि शेवटी निर्णयही असतो. आर्थिक अडचणीतल्या संस्थेने कामगारांपुढे ठेवलेला प्रस्ताव स्वीकारावा की नाकारावा, या चर्चेत भाषेची कसोटी विशेष लागते. कारण एखादा शब्द चुकीचा समजला, तर त्याची किंमत घरखर्चात मोजावी लागते.

महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात केलेला संप हे अशा चर्चेचे अलीकडचे ठळक उदाहरण आहे. बुलढाणा जिल्ह्याचा संदर्भ समोर ठेवून आपण त्याचा अभ्यास करू.

५.२ पार्श्वभूमी

राज्यातील एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर धावली. आजचे महामंडळ मार्ग परिवहन महामंडळ अधिनियम, १९५० या कायद्याखाली चालते. महामंडळ शासनाच्या नियंत्रणाखाली असले, तरी त्याचे कर्मचारी राज्य शासनाचे कर्मचारी नाहीत. हा भेद संपूर्ण वादाच्या मुळाशी आहे. संपाच्या वेळी महामंडळाची २५० आगारे होती आणि कर्मचारी नव्वद हजारांहून अधिक होते. करोनाकाळात प्रवासी वाहतूक दीर्घकाळ बंद किंवा मर्यादित राहिल्याने उत्पन्न घटले, आधीच साठलेला तोटा वाढला आणि पगार वेळेवर होईनासे झाले.

बुलढाणा विभागात बुलढाणा, चिखली, मेहकर, खामगाव, शेगाव, मलकापूर आणि जळगाव जामोद ही सात आगारे आहेत. मुंबई-नागपूर लोहमार्ग जिल्ह्याच्या मलकापूर, नांदुरा, शेगाव या भागातून जातो आणि जलंबहून एक फाटा खामगावला येतो. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या बुलढाणा शहरात मात्र रेल्वे नाही. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा येथेही ती नाही. त्यामुळे घाटावरच्या गावांना एस.टी. ही जोडवाहतूक नसून मुख्य वाहतूक आहे. ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा भरू लागले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस संप सुरू झाला. मोफत पासावर शाळेत जाणाऱ्या मुलींच्या हाती पास राहिला, गाडी राहिली नाही. संपाच्या बाजूने किंवा विरोधात बोलणाऱ्या प्रत्येकाला ही वस्तुस्थिती विचारात घ्यावी लागत होती.

५.३ घटनाक्रम : तीन तडजोडी

या संपाचे वैशिष्ट्य असे, की नेत्यांनी मान्य केलेली तडजोड आगारांतील कर्मचाऱ्यांनी एकदा नव्हे, तीनदा अमान्य केली.

(अ) २७ ऑक्टोबर २०२१ रोजी संघटनांच्या कृती समितीने उपोषण सुरू केले. दुसऱ्या दिवशी २८ टक्के महागाई भत्ता आणि घरभाड्यातील वाढ मान्य झाल्यावर समितीने उपोषण मागे घेतले. काही आगारांतील कर्मचाऱ्यांनी मात्र महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण करावे, या मागणीवर काम बंदच ठेवले. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत राज्यभरातील आगारे बंद झाली.

(आ) विलीनीकरणाच्या मागणीचा विचार करण्यासाठी उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार त्रिसदस्य समिती नेमली गेली. दरम्यान २४ नोव्हेंबर २०२१ रोजी परिवहनमंत्र्यांनी वेतनवाढ जाहीर केली. दहा वर्षांपर्यंत सेवा झालेल्यांच्या मूळ वेतनात ५,००० रुपये, दहा ते वीस वर्षे सेवा झालेल्यांना ४,००० रुपये आणि त्याहून अधिक सेवा झालेल्यांना २,५०० रुपये वाढ मिळणार होती. दरमहा १० तारखेच्या आत पगार देण्याचे आश्वासनही होते. आझाद मैदानावरील आंदोलनाचे नेतृत्व करणारे दोन लोकप्रतिनिधी दुसऱ्या दिवशी बाजूला झाले. पण बहुसंख्य कर्मचारी संपावरच राहिले.

(इ) डिसेंबर २०२१ मध्ये संपाची नोटीस देणाऱ्या संघटनेनेही संप मागे घेतल्याचे जाहीर केले. याही वेळी बहुतेक आगारांनी तो निर्णय मानला नाही.

मार्च २०२२ मध्ये समितीचा अहवाल विधिमंडळापुढे आला. विलीनीकरण शक्य नसल्याचा त्याचा निष्कर्ष होता. ७ एप्रिल २०२२ रोजी उच्च न्यायालयाने कर्मचाऱ्यांना २२ एप्रिलपर्यंत कामावर हजर होण्यास सांगितले, आणि त्यानंतर संप संपुष्टात आला. वेतनवाढ मिळाली, विलीनीकरण मिळाले नाही.

५.४ प्रस्तावाचे वाचन : शब्द आणि आकडे

प्रस्तावावर मत देण्यापूर्वी तो वाचता आला पाहिजे. पुढील तीन भेद लक्षात घ्या.

मूळ वेतन आणि भत्ता : महागाई भत्ता मूळ वेतनाच्या टक्केवारीने ठरतो. म्हणून मूळ वेतनात ५,००० रुपये वाढले, तर २८ टक्के दराने भत्त्यात आणखी १,४०० रुपयांची भर पडते. २,५०० रुपये वाढ मिळणाऱ्याला ही भर ७०० रुपयांची असते. तेवढीच रक्कम एकरकमी मदत म्हणून दिली, तर तिच्यावर पुढे काहीच वाढत नाही. 'किती वाढले' याच्या आधी 'कशात वाढले' हा प्रश्न विचारावा.

वेतनवाढ आणि विलीनीकरण : पहिल्या शब्दाने रकमेत बदल होतो, दुसऱ्याने नात्यात. विलीनीकरण म्हणजे महामंडळाचा नोकर राज्य शासनाचा नोकर होणे. त्यातून शासकीय वेतनश्रेणी आणि सेवेची शाश्वती मिळेल, अशी कर्मचाऱ्यांची अपेक्षा होती. वेतनवाढ कितीही मोठी असली, तरी ती विलीनीकरणाचा हप्ता ठरत नाही. दोन्ही बाजू पुष्कळदा वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत होत्या, याचे कारण येथे आहे.

मान्य आणि विचाराधीन : 'मागणी मान्य', 'मागणी तत्त्वतः मान्य' आणि 'मागणी समितीकडे सुपूर्द' हे तीन वाक्प्रयोग कानाला जवळचे वाटतात. पहिल्यात देणे निश्चित होते. दुसऱ्यात हेतू मान्य होतो. रक्कम व मुदत मोकळी राहते. तिसऱ्यात केवळ विचार करण्याचे बंधन असते. सभेत प्रस्ताव वाचून दाखवणाऱ्याने हे भेद पुसले, तर ऐकणाऱ्यांचा निर्णय अजाणता होतो.

५.५ दोन बाजूंचे युक्तिवाद

नोव्हेंबर २०२१ मधील प्रस्तावाबाबत कोणते युक्तिवाद संभवतात, ते खालीलप्रमाणे मांडता येईल.

स्वीकाराच्या बाजूने :
१. व्यवहाराचा युक्तिवाद. संपकाळात पगार नाही. मिळणारी वाढ आज पदरात पडते, तर विलीनीकरणाचा निर्णय समिती व न्यायालय यांवर अवलंबून आहे.
२. संस्थेच्या अस्तित्वाचा युक्तिवाद. गाड्या जितके दिवस उभ्या राहतील, तितका तोटा वाढेल आणि प्रवासी खासगी वाहतुकीकडे वळतील. गेलेला प्रवासी परत येईलच असे नाही.
३. लोकाभिमुखतेचा युक्तिवाद. शाळकरी मुले, वृद्ध, दवाखान्यात जाणारे रुग्ण यांची सहानुभूती हे संपाचे भांडवल आहे; ते फार काळ टिकत नाही.

नकाराच्या बाजूने :
१. पूर्वानुभवाचा युक्तिवाद. याआधीची आश्वासने वेळेवर पाळली गेली नसतील, तर नव्या आश्वासनावर काम सुरू का करावे?
२. समतेचा युक्तिवाद. शासनाच्या सवलती राबवणारा, शासनाच्या नियंत्रणाखालील कर्मचारी शासनाचा का नाही? शिवाय वाढीच्या टप्प्यांत सर्वांत जुन्या कर्मचाऱ्याला सर्वांत कमी वाढ मिळते.
३. संधीचा युक्तिवाद. सर्व आगारे एकाच वेळी बंद होणे ही वारंवार घडणारी गोष्ट नाही. आता परतलो, तर पुन्हा एवढी एकजूट होणार नाही.

समतेच्या युक्तिवादातील वाढीच्या टप्प्यांबाबतच्या भागाला उत्तरही आहे : नव्या कर्मचाऱ्याचे मूळ वेतन फारच कमी होते, म्हणून त्याला अधिक वाढ देणे न्याय्य म्हणता येते. याउलट संधीच्या युक्तिवादाला सहज उत्तर नाही. पण त्याच्यापोटी एक धोका आहे. एकजूट टिकवणे हेच उद्दिष्ट झाले, तर मूळ मागणी साध्य होण्याची शक्यता उरली आहे का, हा प्रश्न विचारणारा सहकारी शत्रू वाटू लागतो. 'फितूर' हा शब्द चर्चेत आला, की युक्तिवाद थांबतो. तसेच 'कामचुकार' हा शब्द दुसऱ्या बाजूने आला, की संवाद थांबतो. दोन्ही शब्द माणसाविषयी बोलतात, मुद्द्याविषयी बोलत नाहीत.

५.६ कौल कोणी आणि कसा द्यायचा?

संपाच्या काळात लागू असलेल्या, कामगार संघांना मान्यता देण्याबाबतच्या १९७१ च्या महाराष्ट्र अधिनियमात एक लक्षणीय तरतूद होती. मान्यताप्राप्त संघटना असेल, तर संपाची नोटीस देण्यापूर्वी सभासदांच्या बहुमताचा कौल घेणे आवश्यक होते. नोटीसही १४ दिवसांची लागत होती. संघटनेने तडजोडीवर सही करण्यापूर्वी सभासदांचे मतदान घ्यावे, असे बंधन मात्र या कायद्यात नव्हते. थोडक्यात, संपात शिरण्याच्या दारावर मतपेटी होती, बाहेर पडण्याच्या दारावर नव्हती.

याचा परिणाम ध्यानात घ्या. संघटनेने सही केली आणि सभासदांना ती पटली नाही, तर त्यांच्याकडे मत व्यक्त करण्याचा एकच मार्ग उरतो : कामावर जाणे किंवा न जाणे. हजेरीपट हीच मतपत्रिका होते. ही मतपत्रिका गुप्त नसते. कामावर गेलेल्याचे नाव सहकाऱ्यांना कळते आणि न गेलेल्याचे नाव प्रशासनाला कळते. संपकाळात हजारो कर्मचाऱ्यांवर निलंबन व सेवासमाप्तीची कारवाई झाली, म्हणजे नकाराची किंमत प्रत्येकाला स्वतःच्या नावाने मोजावी लागली. दुसरीकडे, परतू इच्छिणाऱ्यालाही एकटेपणाची भीती होतीच. अशा स्थितीत बाहेरून दिसणारी एकजूट कितपत पटलेली आणि कितपत दबावाखालची, हे कोणालाच सांगता येत नाही. नेत्यांनाही नाही, शासनालाही नाही.

मुंबईच्या गिरणी संपातही (प्रारंभ १८ जानेवारी १९८२) प्रतिनिधित्वाचा प्रश्न कळीचा होता. कायद्याने मान्य असलेली संघटना राष्ट्रीय मिल मजदूर संघ होती, तर कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे गेले होते. ज्याच्याशी करार करता येतो त्याचे कामगार ऐकत नाहीत, आणि ज्याचे ऐकतात त्याच्याशी करार करता येत नाही, अशी कोंडी झाली. तो संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही.

अमेरिकेत मालवाहतूक करणाऱ्या यलो या कंपनीचे उदाहरण वेगळे आहे. तोट्यातील या कंपनीच्या टीमस्टर्स संघटनेच्या सभासदांनी वेतनकपात मान्य केली होती. त्या सवलतींना मुदतवाढ देण्याचा प्रस्ताव जानेवारी २०१४ मध्ये त्यांनी मतदानाने फेटाळला आणि त्याच महिन्यात सुधारित प्रस्ताव मतदानानेच स्वीकारला. कंपनी तरीही ऑगस्ट २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि सुमारे ३० हजार जणांच्या नोकऱ्या गेल्या. मतदानाने निर्णय बरोबर ठरतोच असे नाही, हे यावरून दिसते. तथापि मतदानात एक गोष्ट निश्चित साधते : प्रत्येकाला स्वतःचे मत भीतीशिवाय नोंदवता येते, आणि अल्पमतात गेलेल्यालाही आपली संख्या कळते.

५.७ सारांश

तडजोडीच्या प्रस्तावाची चर्चा तीन पातळ्यांवर चालते : प्रस्तावाचा अर्थ, त्यावरील युक्तिवाद आणि निर्णयाची पद्धत. एस.टी. संपात पहिल्या दोन पातळ्यांवर भरपूर चर्चा झाली; तिसऱ्या पातळीवर मात्र सर्वमान्य पद्धत नव्हती. त्यामुळे नेत्यांची सही सभासदांना बांधू शकली नाही आणि सभासदांचा नकार वाटाघाटीच्या टेबलापर्यंत अधिकृतपणे पोहोचला नाही. शेवटी तारीख न्यायालयाने ठरवली.

५.८ पारिभाषिक शब्द

आगार : एस.टी. गाड्या ठेवण्याचे, दुरुस्तीचे व सुटण्याचे ठिकाण, डेपो.
मूळ वेतन : भत्ते वगळून असलेले वेतन.
मान्यताप्राप्त संघटना : कायद्याने वाटाघाटीचा अधिकार दिलेली संघटना.
कौल : सभासदांनी मतदानाने दिलेला निर्णय.

५.९ स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

(अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. बुलढाणा विभागात एस.टी.ची किती आगारे आहेत?
२. मूळ वेतनातील ४,००० रुपयांच्या वाढीवर २८ टक्के दराने किती महागाई भत्ता मिळेल?
३. 'तत्त्वतः मान्य' या प्रयोगात काय मोकळे राहते?

(आ) दीडशे शब्दांत उत्तरे लिहा.
१. 'हजेरीपट हीच मतपत्रिका होते' हे विधान स्पष्ट करा.
२. नकाराच्या बाजूचा आपल्याला सर्वांत सबळ वाटणारा युक्तिवाद मांडून त्याचे खंडन करा.

(इ) उपक्रम
आपल्या परिसरातील दूध संस्था, पतसंस्था, बचत गट किंवा कामगार संघटना यांपैकी एकीत वादग्रस्त निर्णय कोणत्या पद्धतीने घेतला जातो, याची माहिती मिळवा. हात वर करून, चिठ्ठीने की अध्यक्षांच्या घोषणेने? व्यक्तींची नावे न देता दोनशे शब्दांचे टिपण लिहा. आपले स्वतःचे मत टिपणाच्या शेवटी, वेगळ्या परिच्छेदात द्या.

(अ) ची उत्तरे : १. सात. २. १,१२० रुपये. ३. रक्कम व मुदत.