लाल डोळे पुसण्याआधी

फ्लॅशच्या उजेडात काढलेल्या छायाचित्रात माणसाच्या डोळ्यांच्या बाहुल्या लालभडक दिसल्या की हा कॅमेऱ्याचा किंवा छपाईचा बिघाड असावा, असा पुष्कळांचा समज होतो. प्रत्यक्षात मात्र कॅमेऱ्याने टिपलेला तो डोळ्याच्या आतला खराखुरा रंग असतो. बुबुळाच्या मध्यभागी दिसणारे काळे वर्तुळ म्हणजे बाहुली, आणि ती वस्तुतः प्रकाश आत जाण्याचे छिद्र असते, जे अंधारात तरुण माणसामध्ये ७ ते ८ मिलिमीटरपर्यंत रुंदावते आणि भर उजेडात २ ते ३ मिलिमीटरपर्यंत आक्रसते. फ्लॅशचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास टिकतो, तर बाहुली आक्रसू लागायलाच सेकंदाचा साधारण पाचवा भाग जातो. त्यामुळे झोत रुंद बाहुलीतून थेट आत शिरतो, प्रतिमा उमटते त्या दृष्टिपटलावरून आणि त्यामागच्या, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या रंजितपटलावरून परततो आणि लाल होऊन आल्या वाटेने बाहेर पडतो. डोळ्यातून परतणाऱ्या याच प्रकाशाच्या आधारे हेर्मान फोन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये डोळ्याचा तळ पाहण्याचे उपकरण जगापुढे मांडले, म्हणजे छायाचित्रकार ज्याला दोष मानतो तेच नेत्रवैद्यकाचे एक मूलभूत साधन आहे.

प्रकाश आल्या वाटेनेच परतत असल्यामुळे फ्लॅश आणि भिंग एकमेकांच्या जितके जवळ, तितका तो भिंगात शिरण्याचा संभव अधिक. खिशात मावणाऱ्या लहान कॅमेऱ्यांचा प्रसार झाला तेव्हा लाल डोळ्यांची तक्रार वाढली ती याच कारणाने. फ्लॅश भिंगापासून ५ सेंटीमीटरवर आणि माणूस २ मीटरवर असेल तर दोन्ही दिशांमधला कोन जेमतेम दीड अंशाचा होतो. तोच फ्लॅश कॅमेऱ्याच्या माथ्यावर बसवून १५ सेंटीमीटर उंच नेला तर कोन चार अंशांच्या वर जातो आणि लाली बहुतांशी नाहीशी होते. परंतु माणूस ५ मीटर दूर गेला की हाच कोन पुन्हा दोन अंशांच्या आत येतो, म्हणून सभागृहाच्या मागच्या टोकावरून व्यासपीठावरच्या मंडळींचे छायाचित्र घेणाऱ्याला उंच फ्लॅश असूनही लाल डोळे मिळतात. अशा वेळी पुढे सरकणे हाच खात्रीचा उपाय असतो.

झोत थेट चेहऱ्यावर न टाकता छतावर किंवा भिंतीवर आपटवून घेणे ही व्यावसायिक छायाचित्रकारांची आवडती रीत आहे आणि ती योग्यही आहे, कारण तिने लाली तर टळतेच, शिवाय चेहऱ्यावर मऊ, पसरट उजेड पडतो. मात्र छत पांढरे व फार उंच नसावे, ही अट लग्नाच्या मांडवात सहसा पुरी होत नाही. वर ताणलेल्या केशरी किंवा गुलाबी कापडाची छटा सगळ्या चेहऱ्यांवर उतरते, आणि उघड्या मैदानात तर उजेड परतायला छतच नसते. तिथे फ्लॅश तारेने किंवा बिनतारी जोडणीने कॅमेऱ्यापासून हातभर दूर धरावा, किंवा आजूबाजूचे दिवे वाढवून बाहुल्या आधीच आक्रसू द्याव्यात.

कॅमेऱ्यातली ‘रेड-आय रिडक्शन’ ही सोय याच तत्त्वावर चालते, कारण मुख्य झोताआधी दिवा लावून किंवा लहान लहान झोत सोडून ती बाहुलीला आक्रसण्यास अवधी देते. तिचा धोका असा की, पहिला झोत दिसताच फोटो निघाला असे वाटून मंडळी मान वळवतात, हसू ओसरते, आणि खरा झोत पडतो तेव्हा निम्मे चेहरे भलतीकडे असतात. म्हणून ‘दोनदा उजेड पडेल, हलू नका’ हे आधीच सांगितले पाहिजे. अक्षता टाकण्याच्या क्षणासाठी ही सोय निरुपयोगी आहे, कारण तो क्षण सेकंदभर थांबत नाही.

एवढे करूनही लाली राहिली तर संगणकावरची दुरुस्ती अवघड नाही, पण बाहुलीवर सपाट काळा रंग फासणे ही सर्रास होणारी चूक आहे, कारण त्याने डोळे निर्जीव दिसतात. बाहुलीवरचा पांढरा ठिपका, म्हणजे दिव्याचे प्रतिबिंब, तसाच ठेवावा, आणि लाली असेल तेवढ्याच भागात लाल घटकाचे मूल्य हिरव्या व निळ्या घटकांच्या सरासरीइतके खाली आणावे, म्हणजे मूळच्या छायाप्रकाशाला धक्का न लागता रंग करडा होतो. आपोआप दुरुस्ती करणारी साधने लाल टिकलीलाही डोळा समजू शकतात, म्हणून त्यांच्या कामावर नजर हवी. मांजर, कुत्रा, गाय यांचे डोळे दृष्टिपटलामागच्या परावर्तक थरामुळे हिरवे-पिवळे चमकतात, आणि त्यांच्यावर लाली शोधणारे साधन चालत नाही.

या सगळ्याहून महत्त्वाची गोष्ट दुरुस्तीच्या आधीची आहे. लहान मुलाच्या छायाचित्रात एक बाहुली लाल आणि दुसरी पांढुरकी किंवा पिवळसर दिसत असेल, तर ते निरोगी डोळ्याचे परावर्तन असेलच असे नाही. मोतीबिंदू, दृष्टिपटलाचे काही विकार किंवा रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे प्रामुख्याने पाच वर्षांखालील मुलांना होणारा दृष्टिपटलाचा कर्करोग, यांचे ते लक्षण असू शकते. मूल किंचित बाजूला पाहत असताना नेत्रचेता डोळ्यात शिरते त्या फिकट जागेवरून प्रकाश परतल्यानेही अशी चमक दिसते, त्यामुळे प्रत्येक पांढरी बाहुली आजाराची नसते. हा निवाडा मात्र घरी बसून होत नाही. त्यासाठी थेंब घालून बाहुली रुंद करून डोळा तपासावा लागतो. रेटिनोब्लास्टोमा लवकर सापडला तर मुलाचा जीव आणि पुष्कळदा दृष्टीही वाचते. दुसऱ्या छायाचित्रात दोन्ही बाहुल्या सारख्या लाल दिसल्या म्हणूनही निर्धास्त होऊ नये. मुलांची छायाचित्रे दुरुस्त करण्यापूर्वी मूळ प्रत वेगळी जपून ठेवावी, दोन्ही डोळे मोठे करून पाहावेत, आणि एका डोळ्यात पांढरी चमक आढळली तर ती न पुसता, तीच प्रत दाखवण्यासाठी सोबत घेऊन, मुलाला त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे.