बदली, गाव आणि स्वमग्न मूल : सैनिक पालकांसाठी आपण काय करू शकतो?



आपल्या सातारा जिल्ह्यात सैन्यातली घरं गावोगाव आहेत. अपशिंगे गाव तर 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखलं जातं. वडील सीमेवर, आई गावी आणि मूल आपल्या वर्गात, हे आपल्याला नवीन नाही. पण ते मूल स्वमग्न असेल तर काय करायचं, हे मला डी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं. ते मी एका मुलामुळे शिकले.

तो जुलैमध्ये दुसरीत आला. वडिलांची बदली फील्ड एरियात झाली, तिथे कुटुंब नेता येत नाही, म्हणून मायलेक गावी आले. "बस" म्हटलं तरी तो उभाच. परिपाठ सुरू झाला की कानांवर हात. आठवडाभर मी त्याला हट्टी समजत होते, दोनदा रागावलेसुद्धा. शेवटी त्याची आई वर्गाच्या दारात आली. "मॅडम, तो हट्टी नाही ओ. 'बैठो' म्हणून बघा." मी म्हटलं आणि तो लगेच बसला!

झालं होतं असं, की छावणीतल्या शाळेत त्याची थेरपी तीन वर्षं हिंदीतून झाली होती. घरी मराठी कानावर पडायची, पण सूचना ऐकून कृती करायला तो हिंदीतच शिकला होता. स्वमग्न मूल एका ठिकाणी, एका माणसाकडून शिकलेली गोष्ट दुसऱ्या ठिकाणी आपोआप वापरेलच असं नाही. जागा बदलली की पुन्हा शिकवावं लागतं.

स्वमग्नता हा आजार नाही आणि आईच्या संगोपनातली चूक तर मुळीच नाही. मेंदूचा विकासच वेगळ्या प्रकारे होतो. बोलणं, नजर देणं, दुसऱ्याचं मन ओळखणं अवघड जातं. आवाज, उजेड, स्पर्श जास्त जाणवू शकतो. ठरलेला दिनक्रम हाच अशा मुलाचा आधार, आणि सैनिकाच्या घरात नेमका तोच दर दोन-तीन वर्षांनी मोडतो. नवं गाव, नवी शाळा, नवे थेरपिस्ट, तिथे पुन्हा नंबर लावून थांबायचं. वडील तर महिनोन्‌महिने फक्त फोनवर.

मग मदत कुठे मिळते? आर्मी विमेन वेल्फेअर असोसिएशनच्या 'आशा' शाळा अनेक छावण्यांत आहेत, पुण्यातही आहे. तिथे विशेष शिक्षक असतात, आणि नागरी कुटुंबांतली मुलंसुद्धा घेतात. नौदलाच्या कुटुंबांसाठी 'संकल्प' शाळा आहेत. मुलाच्या गरजेचं कारण देऊन, जिथे अशी सोय आहे त्या ठिकाणी बदली मिळावी असा अर्ज सैनिकाला करता येतो. पण त्यासाठी मुलाच्या दिव्यांगत्वाची नोंद युनिटच्या कार्यालयात झालेली हवी. "लोक काय म्हणतील" म्हणून बरेच वडील ती नोंदच करत नाहीत. माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. पुढे दिव्यांग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन मिळायची वेळ आली, तर हीच कागदपत्रं लागतात.

दुसरा कागद म्हणजे यूडीआयडी कार्ड. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. हे कार्ड देशभर चालतं, म्हणून बदलीच्या नोकरीत त्याचं मोल जास्त. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा आवडीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क याच कायद्याने दिला आहे. या आईला आधी एका शाळेने "आमच्याकडे अशी मुलं जमत नाहीत" म्हणून परत पाठवलं होतं. तिला हा हक्क माहीतच नव्हता.

राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा आहे, त्यात थेरपीचा खर्चही बसतो. मूल १८ वर्षांचं झालं की पालकत्व आपोआप पुढे चालू राहत नाही. गरज असेल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. कुठून सुरुवात करायची ते कळत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारावं.

वर्गात आम्ही फार मोठं काही केलं नाही. दिवसाच्या तासिकांची चित्रं भिंतीवर लावली. परिपाठाला तो सगळ्यात मागे, दाराजवळ. प्रत्येक सूचना आधी हिंदीत, लगेच मराठीत. दिवाळीनंतर हिंदी गळत गेली. वडिलांचा फोन कधी येईल याचा नेम नसायचा, आणि तो न आला की दुसऱ्या दिवशी वर्गात रडारड. मग आईने कॅलेंडरवर फोनचा वार ठरवणं सोडलं आणि वडिलांनी रेकॉर्ड करून पाठवलेला एक व्हिडिओ रोज रात्री त्याच वेळी लावायला सुरुवात केली. त्याने रडणं खूप कमी झालं.

मार्चमध्ये वडिलांना 'आशा' शाळा असलेल्या ठिकाणी बदली मिळाली. जाताना मी दोन पानं लिहून दिली. त्याला काय येतं, कशाची भीती वाटते, रडायला लागला की काय करायचं. दाखल्यासोबत तीही फाइलला लावली. पहिलीच ओळ होती : "याला 'बैठो' आणि 'बस' दोन्ही समजतं."