मनात आलेला विचार आणि मंत्रचळ

वसतिगृहाच्या नळावर एखादा विद्यार्थी पुन्हापुन्हा हात धूत राहिला, पेटीचे कुलूप सात-आठ वेळा ओढून पाहू लागला, की आपण त्याला 'टापटिपीचा' म्हणतो. रांग खोळंबली की त्याच्यावरच रागावतो. या विकाराला मराठीत 'मंत्रचळ' हा जुना शब्द आहे. डॉक्टर त्यास ओसीडी म्हणतात. नको असलेला विचार मनात घुसतो, भीती दाटते, ती शमविण्यासाठी एखादी कृती करावी लागते. भीती घटकाभर ओसरते आणि पुन्हा परतते. कृती निरर्थक आहे हे पीडितास बहुधा कळत असते. हा विकार पुष्कळदा बालपणी वा किशोरवयात, म्हणजे शाळेच्याच वयात, डोके वर काढतो.

खरा छळ विचारांच्या आशयाचा असतो. आईला इजा करण्याचा विचार येतो, वंदनेच्या वेळी अपशब्द मनात उमटतात, आणि मूल स्वतःस पापी ठरवून गप्प होते. येथे १९७८ चे एक संशोधन आम्हांस मोलाचे वाटते. स्टॅनली रॅकमन आणि मूळचे श्रीलंकेचे मानसशास्त्रज्ञ पद्मल डी सिल्व्हा यांनी लंडनमध्ये निरोगी माणसांना विचारले, तेव्हा सुमारे ८० टक्के लोकांनी असे विचार आपल्याही मनात येतात, असे सांगितले. आशय बराचसा सारखाच होता; फरक होता तो तीव्रतेचा, आणि विचार सहज सोडून देता येण्याचा.

याच डी सिल्व्हांनी पुढे मज्झिमनिकायातील वितक्कसण्ठान सुत्ताकडे वर्तनोपचाराच्या अभ्यासकांचे लक्ष वेधले. अकुशल विचार आले असता भिक्खूने काय करावे, याचे पाच मार्ग तथागतांनी तेथे सांगितले आहेत. सुतार बारीक खुंटीने मोठी खुंटी ठोकून काढतो, तसा कुशल विचार आणणे हा पहिला. दात आवळून, जीभ टाळूला लावून मनाने मनाला दडपणे हा अगदी शेवटचा. हा क्रम आम्हांस लक्षणीय वाटतो. १९८७ मध्ये अमेरिकेत डॅनियल वेग्नर यांच्या प्रयोगात 'पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका' असे सांगितलेल्यांच्या मनात अस्वलच वारंवार येत राहिले. मात्र हे सुत्त साधकासाठी आहे. ते उपचाराच्या जागी ठेवणे सुत्तावरही अन्यायाचे होईल.

उपचार आहेत. १९६६ मध्ये व्हिक्टर मेयर यांनी रुग्णास भीतीच्या गोष्टीसमोर नेऊन धुण्याची कृती थांबविण्याची पद्धत मांडली. टप्प्याटप्प्याने तीच आज वापरतात. फ्लुओक्सेटिनसारख्या गोळ्यांचा गुण दिसण्यास आठ ते बारा आठवडे लागू शकतात, म्हणून पंधरवड्यात त्या सोडू नयेत. अवघड काम घरच्यांचे. 'आई, हात स्वच्छ झाले ना?' या प्रश्नाला दहाही वेळा 'हो' म्हणणारी आई मायेपोटी मंत्रचळास खतपाणी घालते, आणि खेकसणारे वडील भीती वाढवितात. मधला मार्ग डॉक्टरांकडून शिकून घ्यावा लागतो. देवऋषाकडे फेऱ्या घालण्यात मात्र वर्षे जातात. आखाडा बाळापूरच्या पालकांना नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील मनोविकृतीशास्त्र विभागात मुलास दाखविता येईल. तत्पूर्वी बोलावयाचे असल्यास शासनाच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून, विनामूल्य आणि रात्रीअपरात्रीही बोलता येते.