भाऊंनंतर संस्था चालवायला किती खर्च येईल?

चिखली असो की मेहकर, मलकापूर असो की संग्रामपूर, तालुक्यातल्या बहुतेक संस्था एका माणसाच्या नावाने ओळखल्या जातात. भाऊंचे वसतिगृह, सरांची शाळा, ताईंचे केंद्र. चेकवर सही भाऊंची, कपाटाची किल्ली भाऊंच्या खिशात, देणगीदारांचे नंबर भाऊंच्या मोबाईलमध्ये आणि ओटीपीही तिथेच. भाऊ मानधन घेत नाहीत, गाडीत पेट्रोल स्वतःचे टाकतात. त्यामुळे संस्था स्वस्तात चालल्यासारखी दिसते. जमाखर्चात त्यांच्या कामापुढे रक्कमच नसते. ती रक्कम किती होती, हे भाऊ आजारी पडले की कळते.

जाणता माणूस गेल्यावरही काम थांबत नाही, याची उदाहरणे बुलढाणा जिल्ह्यातच आहेत. शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानचा कारभार शिवशंकरभाऊ पाटील यांनी अनेक दशके पाहिला. ४ ऑगस्ट २०२१ रोजी ते गेले, पण पाळीपाळीने येणाऱ्या सेवेकऱ्यांची पद्धत चालूच राहिली. हिवरा आश्रम येथील विवेकानंद आश्रमाचे शुकदास महाराज २०१७ मध्ये गेले. विवेकानंद जयंतीला पुरी-वांग्याचा महाप्रसाद आजही होतो. या मोठ्या संस्था आहेत, त्यांच्यामागे भाविकांचे बळ आहे. पण दहा-बारा पगारी माणसांच्या संस्थेलाही हे जमू शकते. त्यासाठी आधी खर्च मांडावा लागतो.

हिशेबासाठी एक संस्था धरू : वसतिगृह चालवणारी, १२ पगारी माणसे, वर्षाचे उत्पन्न २५ लाख रुपये. कायद्यातले दर आणि मुदती खाली जशाच्या तशा दिल्या आहेत. वकील, सीए आणि पगाराचे आकडे मात्र अंदाजपत्रकासाठी धरलेले आहेत. ते गावागणिक बदलतात, म्हणून दोन ठिकाणी विचारूनच ठरवा.

१. कागद : एकदाच, सुमारे ३४,००० रुपये

सर्वांत आधी धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट १ चा उतारा काढा. त्यावर आज विश्वस्त म्हणून कोणाची नावे आहेत ते पाहा. दिवंगत झालेल्यांची नावे तशीच असतील, तर बाकी सगळे बाजूला ठेवून तेच काम हाती घ्या.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ नुसार विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज, म्हणजे आपला ‘चेंज रिपोर्ट’, दाखल करावा लागतो. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज जोडावा लागतो आणि वकिलाचे काम वाढते. सभेची नोटीस, विषयपत्रिका, हजेरीच्या सह्या, प्रोसिडिंग बुकातला ठराव आणि नव्या विश्वस्तांची संमतीपत्रे ही कागदपत्रे सभेच्या दिवशीच तयार ठेवा. मागच्या तारखेने केलेल्या सह्या पुढे वादात सापडतात. दोन गटांनी दोन चेंज रिपोर्ट टाकले, की खरी कमिटी कोणती याचा निकाल लागेपर्यंत बँकही सह्या बदलायला कचरते.

अंदाज असा : घटना दुरुस्ती आणि चेंज रिपोर्ट यांसाठी वकील १५,०००, प्रतिज्ञापत्रे, नकला आणि बुलढाण्याच्या धर्मादाय कार्यालयाच्या फेऱ्या ५,०००, दोघांच्या डिजिटल सह्या ४,०००, जुने कागद स्कॅन करून नीट लावणे १०,०००. जळगाव जामोद किंवा संग्रामपूरहून येणाऱ्याचा एका फेरीला अख्खा दिवस जातो. तेव्हा कागदांची यादी वकिलाकडून लेखी घ्या आणि फेऱ्या वाचवा.

घटना उघडलीच आहे, तर तीन कलमे तपासा : विश्वस्तांची मुदत किती, रिकामी जागा किती दिवसांत व कशी भरायची, आणि बँकेत सही कोणाकोणाची. २०२५ च्या दुरुस्तीने आजीव विश्वस्तांच्या संख्येवरही मर्यादा आणली आहे. ‘तहहयात अध्यक्ष’ असे लिहिलेली जुनी घटना असेल, तर वकिलाला आधी तेच पान दाखवा.

२. आयकर : अर्ज फुकट, विसर महाग

आयकरातील १२एबी आणि ८०जी नोंदणीच्या अर्जाला सरकारी शुल्क नाही. मात्र ही नोंदणी आता कायमची राहिलेली नाही. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी करावा लागतो. ज्यांचे उत्पन्न पाच कोटींच्या आत आहे, अशा लहान संस्थांना २०२५ पासून १२एबीची नोंदणी पाचऐवजी दहा वर्षांसाठी मिळण्याची सोय झाली आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. सीएकडे विचारताना जुना क्रमांक सांगून ‘याचे नवे काय?’ असेच विचारा.

नूतनीकरण चुकले तर नुसती सवलत जाते असे नाही. संस्थेच्या मालमत्तेच्या बाजारभावातून देणी वजा करून उरलेल्या रकमेवर चढ्या दराने कर बसू शकतो. दान मिळालेल्या दोन एकरांवर वसतिगृह उभे असेल, तर तो आकडा केवढा होईल याचा अंदाज करा.

विसर महाग पडण्याची दुसरी जागा देणगीदारांच्या विवरणाची. ८०जी पावत्यांचे विवरण ३१ मेपर्यंत भरायचे असते. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. ४५ दिवस उशीर म्हणजे ९,००० रुपये. ही तारीख फक्त भाऊंना पाठ असून चालणार नाही, ती ऑफिसच्या भिंतीवर हवी.

ऑडिट आणि विवरणपत्रांसाठी सीएचे वर्षाला २५,००० धरा. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची नोंदणी आणि कंपन्यांच्या सीएसआर निधीसाठीचा सीएसआर-१ फॉर्म, दोन्हींना सरकारी फी नाही. हे काम ‘पॅकेज’ म्हणून विकणारा एजंट भेटला, तर पैसे कशाचे ते लेखी मागा. सीएसआर-१ ला डिजिटल सही आणि सीएसारख्या व्यावसायिकाचे प्रमाणन लागते, तेवढाच खरा खर्च.

३. माणूस : मोठा खर्च इथेच

कागद ३४,००० रुपयांत होतात. माणूस वर्षाला लाखांत पडतो, आणि नेमका हाच खर्च संस्था टाळतात.

भाऊंच्या कामाचे दोन भाग करा. हिशेब व पत्रव्यवहारासाठी अर्धवेळ माणूस, महिना ५,००० : वर्षाचे ६०,०००. रोजचा कारभार, देणगीदार आणि सरकारी कार्यालये सांभाळणारा पूर्णवेळ समन्वयक, महिना २०,००० : वर्षाचे २,४०,०००. बेरीज तीन लाख. भाऊ दरवर्षी संस्थेला देत असलेली, पण कुठेच न लिहिलेली देणगी ती हीच.

त्यात ग्रॅच्युइटी मिळवा. दहा किंवा अधिक कर्मचारी असले की ती लागू होते. हिशेब शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेचे १५ भागिले २६, गुणिले सेवेची वर्षे. २०,००० पगारावर वर्षाला ११,५३८ रुपये बाजूला पडायला हवेत. १२,००० पगाराच्या स्वयंपाकीणबाई दहा वर्षांनी निवृत्त झाल्या, तर त्यांचे ६९,२३१ रुपये होतात. ते साठवले नसतील, तर ते देणे नव्या अध्यक्षाच्या पहिल्याच वर्षात उभे राहील. माणसे वीस झाली, की भविष्य निर्वाह निधीचाही विचार करावा लागतो.

प्रशिक्षण आणि प्रवासाला २०,००० धरा. पण खरे प्रशिक्षण एसटीच्या भाड्यात होते : वर्षभर प्रत्येक भेटीला, मग ती सीएची असो, धर्मादाय कार्यालयाची की देणगीदाराची, भाऊंनी पुढच्या माणसाला सोबत न्यायचे. दुसऱ्या सहामाहीत बोलायचे त्याने, ऐकायचे भाऊंनी.

एवढे झेपत नसेल तर आहे त्याच कार्यकर्त्याला महिना ५,००० जबाबदारी भत्ता द्या, वर्षाचे ६०,०००. मात्र त्याचे जुने काम तेवढे कमी करा. नाहीतर दोन्ही कामे अर्धी होतील.

एकूण

दरवर्षी : सीए २५,०००, माणसे ३,००,०००, ग्रॅच्युइटी ११,५३८, प्रशिक्षण २०,०००. बेरीज ३,५६,५३८ रुपये. पहिल्या वर्षी कागदांचे ३४,००० धरून ३,९०,५३८. पंचवीस लाखांच्या संस्थेत हे पंधरा-सोळा टक्के होतात.

पैसा कुठून आणायचा?

आयकर कायद्यानुसार उत्पन्नातले ८५ टक्के उद्दिष्टांवर खर्च करावे लागतात. १५ टक्के शिल्लक ठेवता येतात. आपल्या संस्थेत ते वर्षाला ३,७५,००० होतात. ‘देणगी साठवली तर लोक काय म्हणतील?’ या धाकाने पै न् पै संपवणारी संस्था वाईट वर्षात आधी माणसांचे पगार थकवते. सहा महिन्यांचा खर्च शिल्लक असावा, हे उद्दिष्ट ठरावातच लिहून ठेवा.

सीएसआर देणारी कंपनी ‘प्रशासनाला पाच टक्केच’ म्हणाली, तर नम्रपणे सांगा : ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाची आहे. काम करणाऱ्या संस्थेचा व्यवस्थापन खर्च त्यात धरायचा नाही, असा खुलासा केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने केला आहे. प्रस्तावात समन्वयकाचा पगार वेगळ्या ओळीत दाखवा, ‘इतर खर्च’ या शीर्षकाखाली लपवू नका. जमीन विकून पैसा उभारण्याचा सल्ला कोणी दिलाच, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते हे त्याला सांगा. कलम ३६ तेच सांगते.

एक चाचणी, बिनखर्चाची

हे सगळे जमले का, हे पाहायला सल्लागार लागत नाही. गजानन महाराजांची पालखी शेगावहून पायी निघते ती पंढरपूरला पोहोचेपर्यंत महिना उलटतो. एका वर्षी भाऊंना त्या वारीला पाठवा आणि मोबाईल ऑफिसच्या टेबलावर ठेवून घ्या. महिनाभरात ‘हे भाऊंनाच विचारावं लागेल’ असे जितक्या वेळा कोणी म्हणेल, तितक्या वेळा वहीत नोंद करा. भाऊ परत आले की ती वही त्यांच्यापुढे ठेवा. पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक तिच्यातूनच लिहायचे आहे, आणि ते लिहायला भाऊ अजून आहेत.