माणूस वाढवण्याआधी कामाचा क्रम बदला



व्हिडिओमध्ये फळ्यावरची आकडेमोड जरा भरभर झाली. म्हणून तीच इथे सावकाश लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा, कारण आजचा धडा नुसता वाचून कळणार नाही, करून बघावा लागेल.

हंगाम आला की प्रत्येक छोट्या व्यावसायिकाला एकच वाटतं, ‘हात कमी पडतायत, अजून एक माणूस घ्यावा किंवा दुसरं मशीन घ्यावं.’ घ्या की! पण त्याआधी एक फुकटचा उपाय करून बघा. कामं तीच, माणसं तीच, फक्त क्रम बदला. संगणकशास्त्रात या विषयाला शेड्युलिंग म्हणतात आणि त्यावर गेली सत्तर वर्षं अभ्यास चालू आहे. त्यातल्या तीन रीती आपल्या कामाच्या आहेत.

रीत पहिली : मोठं काम आधी

समजा, गिरगावातल्या दोन ताई मिळून दिवाळीचा फराळ करतात. दोघी आपापल्या घरी काम करतात. एक ऑर्डर एकीनेच पूर्ण करायची असं ठरलंय. फोन आले त्या क्रमाने ऑर्डर वहीत लिहिल्या :

चिवडा १ तास, शेव १ तास, शंकरपाळे २ तास, बेसनलाडू २ तास, करंज्या ६ तास.

सकाळी ९ ला सुरुवात केली. जी मोकळी होईल तिने वहीतलं पुढचं काम उचलायचं. पहिलीने चिवडा आणि शंकरपाळे केले, दुसरीने शेव आणि लाडू. दुपारी १२ ला दोघी मोकळ्या. मग करंज्या पहिलीने घेतल्या आणि त्या संपल्या संध्याकाळी ६ ला. दुसरी १२ वाजल्यापासून रिकामी!

आता हीच यादी मोठ्यापासून लहानाकडे लावा. ९ ला पहिलीने करंज्या घेतल्या. दुसरीने शंकरपाळे, लाडू, चिवडा, शेव असं एकामागून एक उरकलं. दोघींचं काम दुपारी ३ ला संपलं. एकूण काम १२ तासांचं आणि माणसं दोन, म्हणजे ६ तासांपेक्षा लवकर ते होणंच शक्य नव्हतं. नऊ तासांचे सहा झाले, एक पैसाही खर्च न करता.

ही रीत दर वेळी एवढं अचूक उत्तर देते का? नाही. ३, ३, २, २, २ तासांची पाच कामं घेऊन बघा. मोठं आधी घेतलं तर ७ तास लागतात. पण एकीला दोन तीन-तीनची आणि दुसरीला तीन दोन-दोनची दिली, तर ६ तासांतच भागतं.

मग अगदी अचूक वाटणीच का शोधू नये? मोजून बघा. २० ऑर्डर दोघींत वाटायच्या तर १० लाखांहून जास्त प्रकारे वाटता येतात. ४० ऑर्डर असतील तर एक लाख कोटींहून जास्त! १९७२ मध्ये रिचर्ड कार्प यांनी अवघड प्रश्नांची एक प्रसिद्ध यादी मांडली. दोन समान वाटण्या करण्याचा हा साधा दिसणारा प्रश्न त्या यादीत आहे. कितीही मोठी यादी आणि कसलेही आकडे दिले तरी झटपट अचूक वाटणी देईल अशी रीत आजपर्यंत कोणाला सापडलेली नाही. तेव्हा वाटणी परफेक्ट झाली नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका.

दिलासा मात्र आहे. बेल लॅब्समधले गणिती रोनाल्ड ग्रॅहॅम यांनी १९६६ आणि १९६९ च्या लेखांत हे सिद्ध केलं : माणसं दोन असतील आणि काम शिल्लक असताना कोणी रिकामं बसत नसेल, तर कसाही क्रम लावा, वेळ उत्तम वेळेच्या दीडपटीपेक्षा जास्त लागत नाही. आणि मोठं काम आधी घेतलं, तर उत्तम वेळेपेक्षा फार तर एक षष्ठांश जास्त लागतो. आपल्या उदाहरणांत हेच दिसलं. ६ चे ९ झाले ती दीडपट, ६ चे ७ झाले तो एक षष्ठांश. याहून वाईट होऊ शकत नाही.

ग्रॅहॅम यांनी आणखी एक गंमत दाखवली. कामं एकमेकांवर अवलंबून असतील आणि यादी वाईट लागली असेल, तर माणूस वाढवल्यावर काम उलट उशिरा संपू शकतं! पगार द्यायचा आणि वर उशीरही सोसायचा.

(ऑर्डर फोडता येत असेल तर बिनधास्त फोडा. करंज्या दोघींनी निम्म्या-निम्म्या केल्या तर प्रश्नच मिटतो.)

रीत दुसरी : भाजणं आणि कुटणं

आता लालबागला चला. पावसाळ्याआधी वर्षाचा मसाला करायला मिरची गल्लीत गर्दी उसळते. मिरची आणि खडा मसाला घ्यायचा, भाजून घ्यायचा, मग डंकावर कुटून घ्यायचा. इथे काम दोन टप्प्यांचं आहे. भाजल्याशिवाय कुटता येत नाही.

एक भट्टी आणि एक डंक धरू. चार गिऱ्हाइकं आली, या क्रमाने. वेळा हिशेबापुरत्या घेतल्या आहेत :

१. गरम मसाला : भाजणं ६० मिनिटं, कुटणं २०
२. मालवणी मसाला : भाजणं ४०, कुटणं ३०
३. घाटी मसाला : भाजणं २०, कुटणं ४०
४. नुसतं तिखट : भाजणं १०, कुटणं ५०

आल्या क्रमाने केलं तर पहिला तासभर डंक नुसता उभा. मध्ये पुन्हा २० मिनिटं थांबला. सगळं संपायला २२० मिनिटं लागली.

सेल्मर जॉन्सन यांनी १९५४ मध्ये यासाठी एक सोपा नियम दिला. सगळ्या आकड्यांत सर्वांत लहान आकडा शोधा. तो भाजण्याचा असेल तर ते काम रांगेत पुढे टाका, कुटण्याचा असेल तर मागे. ते काम खोडा आणि उरलेल्यांवर पुन्हा तेच करा.

इथे सर्वांत लहान १०, भाजण्याचा. म्हणून तिखट सर्वांत पुढे. मग २० दोनदा येतो : घाटीचा भाजण्याचा, म्हणून तो दुसरा, गरम मसाल्याचा कुटण्याचा, म्हणून तो शेवटी. मालवणी मध्ये बसला. डंक दहाव्या मिनिटाला सुरू झाला आणि काम संपेपर्यंत एकदाही थांबला नाही. एकूण १५० मिनिटं! सव्वा तासाला पाचच मिनिटं कमी, एवढी बचत झाली.

दोन टप्प्यांसाठी हा नियम नेहमीच उत्तम उत्तर देतो. तीन टप्प्यांना मात्र तो जसाच्या तसा लागू पडत नाही, हे लक्षात ठेवा.

आता खरी अडचण

नीट बघितलंत का? गरम मसाल्यावाल्या ताई सगळ्यात आधी आल्या होत्या. जुन्या क्रमात त्या ८० मिनिटांत घरी गेल्या असत्या. नव्या क्रमात त्यांना १५० मिनिटं थांबावं लागलं, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत मागून आलेले पुढे गेले. तुमचा डंक खूश, गिऱ्हाईक नाराज. पुढच्या वर्षी त्या शेजारच्या दुकानात गेल्या तर वाचवलेल्या ७० मिनिटांचं काय करायचं?

म्हणून नियम लावण्याआधी स्वतःला विचारा, मला नक्की काय वाचवायचंय? गिऱ्हाईक समोर उभं असेल तर नंबराप्रमाणेच करा. माल ठेवून ‘संध्याकाळी येतो’ म्हणून गेलेल्यांची कामं वेगळी काढा आणि तिथे जॉन्सनचा नियम लावा.

रीत तिसरी : ज्याचा वायदा आधी, त्याचं काम आधी

काम एकाच हातून होतंय आणि प्रत्येक ऑर्डरचा वायदा वेगळा आहे, तर वायद्याच्या तारखेने यादी लावा. सगळ्यात जास्त रखडणाऱ्या ऑर्डरचा उशीर या क्रमात कमीत कमी राहतो. दादरहून परदेशी कुरिअरने जाणारा फराळ दिवाळीच्या कितीतरी आधी तयार लागतो. त्या ऑर्डरची खरी तारीख कुरिअर निघण्याची आहे, दिवाळीची नाही. वहीत तीच लिहा.

आजचा गृहपाठ

तीन दिवस प्रत्येक कामापुढे खरा लागलेला वेळ लिहा, अंदाजाने नको, घड्याळ बघून. टप्पे दोन असतील तर दोन रकाने करा. शेवटच्या रकान्यात वायदा लिहा. चौथ्या दिवशी कामाला हात लावण्याआधी दहा मिनिटं बसून क्रम ठरवा. क्रम सुधारूनही सगळे हात दिवसभर भरलेले असतील आणि तरी वायदे चुकत असतील, तर खुशाल माणूस घ्या. तेव्हा त्याचा पगार वसूल होईल.

तुमची यादी आणि आधी-नंतरचा वेळ कमेंटमध्ये लिहा. भेटूया पुढच्या भागात!